आक्कांची सासू आणि सामान्य ग्राहक

"यातली माझी सासू कोणती, सांग बघू," असं म्हणून सुभद्राआक्कांनी दोन पाकिटं माझ्यापुढं टाकली.

दोन्ही पाकिटं पिवळीधमक, दोन्हींना तांबडा काठ. दोन्हींवर गोल चौकटीत हिरव्या नऊवारीतली, कपाळभर कुंकू लावलेली, सगळ्या जगावर खार खाऊन बसलेली एकेक म्हातारी. मी दोन्ही उचलली, उलटसुलट केली आणि डाव्या हातातलं पुढं केलं. आक्का खूश झाल्या. खरं तर मी म्हातारीकडं पाहिलंच नव्हतं. डाव्या पाकिटावर 'सासूबाईंचा येसर' असं छापलं होतं आणि उजव्यावर 'आईसाहेब येसर', तेवढं वाचलं होतं. पण त्या दिवसापासून आपल्याला हा फरक झोपेतसुद्धा कळेल, असा माझा पक्का समज झाला. पुढचं सगळं त्या समजामुळं घडलं.

येसर म्हणजे आमच्या बार्शीकडच्या लग्नातला मसाला. ज्वारी, गहू, डाळी, धने, मिरे असं सगळं भाजून दळायचं, उकळत्या पाण्यात सोडायचं की आमटी तयार. पूर्वी लग्नघरी पाच सवाष्णी जात्याला हळदकुंकू लावून तो दळायच्या. आता सवाष्णींना वेळ नाही, आणि जातं कुठं ठेवलंय हेही कुणाला आठवत नाही. त्यामुळं लोक आक्कांकडून न्यायचे. आक्का म्हणजे सुभद्रा बोराडे, आमच्या शेजारच्या. नवरा गेल्यावर त्यांनी घरामागं पत्र्याच्या शेडात मसाला कुटायचं कांडप घातलं आणि पाकिटावर सासूचा फोटो छापला. सासूला, म्हणजे भागीरथीबाईंना, येसर करता येत नव्हता. आमटीच काय, त्यांना धड चहा येत नव्हता. आक्कांना मी एकदा विचारलं, मग फोटो त्यांचा का? तर म्हणाल्या, "सुनेच्या हातचं कुणी इकत घेतंय व्हय? सासूच लागती."

हा माल फोनवर, खरेदीच्या ॲपवर विकायला काढला तो आक्कांच्या सुनेनं, रंजनानं. वास घेतल्याशिवाय मसाला कोण घेईल, म्हणून आक्कांनी आधी तिला वेड्यात काढलं होतं. दोन वर्षांत पुण्यापासून बेंगळुरूपर्यंत, जिथं जिथं बार्शीची पोरं नोकरीला गेली होती तिथं तिथं पाकिटं जायला लागली. मग पुण्याकडच्या त्रिदल फूड्स नावाच्या कंपनीनं तेच पिवळं, तोच काठ आणि कुणा दुसऱ्याची सासू घेऊन 'आईसाहेब' बाजारात आणली. त्यांच्या येसरात डाळीपेक्षा मैदा जास्त होता. लोक तो घ्यायचे, आमटीचा चिकट लगदा व्हायचा, आणि शिव्या द्यायला फोन मात्र आक्कांना करायचे.

मला वकिली करून चार वर्षं झाली होती. ती सगळी माझे सीनियर सदाफुलेसाहेब यांच्या फायली उचलण्यात गेली होती. आक्कांची केस ही माझी पहिली, स्वतःच्या नावावरची. ट्रेडमार्कचा कायदा मी केस घेतल्यावर वाचला. आक्कांच्या नावाची नोंदणी होती, पण त्रिदलनं नाव चोरलंच नव्हतं. चोरला होता तो अवतार. तेव्हा गिऱ्हाइकाची फसगत होते हे दाखवणं भाग होतं, आणि त्यासाठी कायद्यात एक गृहस्थ तयारच ठेवलेला आहे. त्याला सामान्य ग्राहक म्हणतात. हा फार हुशार नसतो, अगदी ढ नसतो, घाईत असतो, आणि त्याची आठवण कच्ची असते. मला हा माणूस फार आवडला. दाव्यात मी त्याच्यावर अडीच पानं लिहिली, जरा कीव करतच.

सोलापूरच्या कोर्टात पहिल्या तारखेला जिल्हा न्यायाधीश मुजावर मॅडमनी दोन्ही पाकिटं समोर ठेवून घेतली. त्रिदलचे वकील देगावकर मोठे वस्ताद होते. ते म्हणाले, दुकानात माणूस घाईत असेल, पण फोनवर तो निवांत असतो. फोटो मोठा करून बघतो, नाव वाचतो, तारे मोजतो, शंभर लोकांचे अभिप्राय वाचतो, तेव्हा कुठं बटण दाबतो. फोनवरच्या गिऱ्हाइकासारखं सावध गिऱ्हाईक जगात नाही. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, की फसलेला एक तरी माणूस तुमच्याकडं आहे का? गोळाबेरीज नको, एक जिताजागता माणूस. मी म्हटलं, शंभर आहेत. त्यांनी तीन आठवड्यांची तारीख दिली.

शंभर होतेही, पण मला एकही मिळाला नाही. फोनवर आक्कांना शिव्या देणाऱ्यांना मी एकेक करून गाठलं आणि प्रतिज्ञापत्र मागितलं. लातूरचे एक मुख्याध्यापक म्हणाले, मी पोरांना नीट बघून लिहा म्हणून छड्या मारतो, आता मीच न बघता पाकीट घेतलं असं लिहून देऊ? कुर्डुवाडीच्या एका बाईंनी तर साफच सांगितलं, की त्यांना आधीपासून माहीत होतं, केवळ चव बघायला घेतलं. आणि कहर म्हणजे आक्कांची सख्खी बहीण. तिच्या घरात आईसाहेबांची चार पाकिटं निघाली, आणि तिनं आपण ती पाहुण्यांसाठी आणल्याचं सांगितलं. फसायला सगळे तयार होते. फसलो म्हणायला एकही माणूस तयार नव्हता.

तारखेला आठ दिवस राहिले तेव्हा कांडपावरच्या बायकांचा धीर सुटला. कोर्ट काय करायचं ते करील, आपण त्या आईसाहेबाला तारे दाखवू, असं त्यांनी ठरवलं. कांडपाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. कामाच्या बाया, गल्लीतल्या बाया, बचत गटाच्या बाया मिळून त्रेसष्ट जणी, आणि बाप्यांत मी एकटा. प्रत्येकीनं त्रिदलच्या मालाला एकच तारा द्यायचा आणि माल नकली आहे असं लिहायचं. मी वकील होतो. मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण दोन आठवडे माणूस शोधून मीही पेटलो होतो. मी म्हटलं, थांबा, लिंक मी टाकतो, तुम्ही कुणी घोळ घालाल.

एसटी स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये एका हातात वडापाव धरून मी दुसऱ्या हातानं येसर शोधला. महिनाभर रोज बघत होतो. त्रिदलवाले जाहिरातीला पैसे मोजायचे, त्यामुळं सगळ्यात वर आईसाहेब आणि खाली तिसऱ्या-चौथ्या नंबरावर आमच्या सासूबाई, हे ठरलेलंच. वर पिवळं दिसलं, रागीट म्हातारी दिसली, मी लिंक उचलली आणि ग्रुपवर टाकली. तोवर सोलापूरची गाडी लागली. रंजनानं माझीच लिंक पुन्हा टाकली, खाली मोठ्या अक्षरांत लिहून, बायांनो हीच ती. आणि ज्या बाया ग्रुपवर नव्हत्या त्यांनाही तिनं ती धाडली.

बाया कामाला लागल्या त्या अशा, की संध्याकाळपर्यंत ऐंशी अभिप्राय पडले. एकीनं खडे सापडल्याचं लिहिलं, एकीनं झुरळ सापडल्याचं. एकीनं हा येसर खाऊन ठरलेलं लग्न मोडल्याचं लिहिलं, तिच्या भाच्याचं लग्न खरोखरच मोडलं होतं पण कारण वेगळं होतं. कोपऱ्यावरच्या शिंपिणीनं नुसतं 'मुडदा बसवला' एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲपच्या कंपनीकडून निरोप आला. आपल्या मालाबद्दल नकली असल्याच्या असंख्य तक्रारी आल्यामुळे विक्री थांबवण्यात येत आहे. तो निरोप आक्कांना आला होता.

झालं होतं असं, की मी लिंक टाकली त्या दिवशी सकाळीच रंजनानं पहिल्यांदा जाहिरातीला पैसे भरले होते. लग्नसराई तोंडावर होती म्हणून. त्यामुळं त्या दिवशी सगळ्यात वर आमच्या सासूबाई होत्या. ऐंशी बायांनी मिळून भागीरथीबाईंना नकली ठरवलं होतं, आणि आईसाहेब साडेचार तारे लेवून मजेत बसल्या होत्या.

हे मला कळलं तेव्हा मी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा होतो. पहिली केस, शेजारची बाई, आणि तिचा धंदा मी वडापाव खाता खाता बुडवला होता. मग मी एक गोष्ट केली. ग्रुप उघडला, माझा लिंकचा मेसेज दाबून धरला आणि तो सगळ्यांच्या फोनवरून पुसून टाकला.

माझा मेसेज गेला. राहिला तो रंजनाचा, मोठ्या अक्षरांतला. बायांनी दाबली होती तीही तिचीच लिंक; त्याआधीची माझी कुणाला आठवतही नव्हती.

बार्शीला पोचलो तोवर रंजनाचा निकाल लागलेला होता. आक्का तिला पुष्कळ बोलल्या. शिकलेली म्हणून हातात धंदा दिला तर सुनेनं सासूला बाजारातून उठवलं, हे तर त्या चारचौघांत बोलल्या. फोन काढून घेतला आणि ऑनलाइनचं काम आपल्या भाच्याकडं दिलं. हे काम रंजनानं शून्यातून उभं केलं होतं, पाकिटाचा फोटो काढण्यापासून पत्ता चिकटवण्यापर्यंत. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. आक्कांनी मला चहा दिला तो मी प्यायलो.

दोन दिवसांनी रंजना माझ्या ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. तिनं ऑनलाइन विक्रीची कागदपत्रं टेबलावर ठेवली आणि म्हणाली, भाच्याला यातलं काही कळत नाही, तुमच्याजवळ असू द्यात. मग उठता उठता सहज बोलावं तसं बोलली, "तुमच्या नावाखाली खूण राहिलीय, दत्ताभाऊ. मेसेज काढून टाकला म्हणून. माझ्या मेसेजाच्या बरोबर वर."

मला वाटलं होतं, पुसलं की गेलं. मी विचारलं, मग तू आक्कांना सांगितलं का नाहीस?

"सांगून काय करू? आत्या तुम्हाला हाकलतील. पाच दिवसांवर तारीख, मग केस कोण लढणार? माझं काय, मी घरातच हाय. आज बोलणी खाईन, उद्या भाकरी वाढीन." ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "फक्त केस जिंका म्हंजे झालं."

ती गेल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली, की खोलीत आरसा नाही याचं बरं वाटलं. पण लाज वाटली म्हणून मी लगेच सुधारलो असं मुळीच नाही. पुढचे दोन दिवस मी यातून स्वतःचं नाव न येता काय करता येईल याचाच विचार करत होतो. ऐंशी बाया फसल्या असं कोर्टाला सांगावं का? पण त्या कुठं फसल्या होत्या, त्यांनी नुसती दिलेली लिंक दाबली होती. रंजनानं आलेली लिंक पुढं धाडली होती. दोन म्हाताऱ्या समोर ठेवून, आपल्या डोळ्यांनी, चुकीची म्हातारी निवडलेला माणूस या सगळ्यात एकच होता. मॅडमना हवा असलेला जिताजागता माणूस इतके दिवस मी बार्शी ते लातूर शोधत होतो आणि तो माझाच कोट घालून हिंडत होता.

अडचण अशी, की जो वकील तोच साक्षीदार असं चालत नाही. साक्ष द्यायची तर केस सोडायची. मी सदाफुलेसाहेबांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसून त्यांनी आपलं वकीलपत्र तयार केलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा मला खुर्चीवर बस म्हणाले.

तारखेच्या दिवशी आक्का आणि रंजना दोघी आल्या होत्या. मी गळ्यातले पांढरे बँड काढून खिशात ठेवले होते आणि वकिलांच्या बाकाऐवजी मागं बसलो होतो. आक्का मला खुणेनं पुढं जा, पुढं जा म्हणत होत्या. सदाफुलेसाहेबांनी माझं प्रतिज्ञापत्र वाचायला घेतलं. त्यात सगळं होतं. वडापाव होता, लिंक होती, आणि ती पुसल्याचंही होतं. मी मान वर केली नाही. आक्कांचा हात थांबला एवढं मात्र मला दिसलं.

देगावकर उठले आणि म्हणाले, हा बनाव आहे, मला या माणसाची उलटतपासणी हवी. मॅडमनी परवानगी दिली. मी पिंजऱ्यात जाऊन उभा राहिलो.

"शिक्षण?" देगावकरांनी सुरुवात केली.

"बी. ए., एलएल. बी."

"म्हणजे वाचता येतं."

"येतं."

"दोन्ही पाकिटांची तुलना या दाव्यात कुणी केलीय?"

"मीच. सतरा मुद्दे आहेत."

"दोन्हींवरची नावं वेगळी आहेत हे त्या दिवशी माहीत होतं?"

"पाठ होतं, साहेब."

"मग फोनवर नाव का वाचलं नाही?"

"कोण वाचतं? पिवळं दिसलं, सासू दिसली, दाबलं."

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. देगावकरांना वाटलं आपण मला पुरता उघडा पाडतोय, आणि ते खरंही होतं. त्यांनी आवाज चढवला. एवढे शिकलेले तुम्ही, कायद्याचे पदवीधर, दोन्ही पाकिटं महिनाभर तुमच्या टेबलावर, त्यांच्या तुलनेवर तुम्ही पानंच्या पानं लिहिलेली, आणि तरीही तुम्ही फसलात असं कोर्टानं मानायचं?

"हो," मी म्हणालो. "मी फसलो."

मॅडमनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "देगावकर," त्या शांतपणे म्हणाल्या, "ही उलटतपासणी तुम्ही कुणाच्या बाजूनं घेताय?"

देगावकरांनी माझ्याकडं पाहिलं, पाकिटांकडं पाहिलं, आणि आणखी प्रश्न नाहीत म्हणून बसले.

मनाईचा हुकूम त्याच आठवड्यात झाला. आईसाहेबांना बाजारातून उतरावं लागलं. तो हुकूम ॲपच्या कंपनीला दाखवल्यावर ऐंशी अभिप्रायही निघाले आणि सासूबाई पुन्हा विक्रीला लागल्या, ऐन लग्नसराईत. हुकुमात माझ्यावर पाऊण पान आहे. त्यात मला 'सरासरीहून अधिक जाणकार व्यक्ती' म्हटलंय आणि तीही फसली तर इतरांची काय कथा, असं विचारलंय. सोलापुरात वकिलांच्या बाररूममध्ये मात्र त्या दिवसापासून माझं नाव सामान्य ग्राहक पडलं ते पडलंच. मी आत गेलो की अजून कुणीतरी कॅन्टीनचं मेनूकार्ड मोठ्यानं वाचून दाखवतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी पिंजऱ्यातून उतरून मी बाहेर आलो तेव्हा आक्का व्हरांड्यात उभ्या होत्या. मला वाटलं, केस वाचली, आता पाठीवर हात ठेवतील. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. लहानपणी मी त्यांच्या कांडपावरचे गूळ-शेंगदाणे चोरायचो तेव्हासुद्धा त्यांनी असं पाहिलं नव्हतं.

"चुकलास, त्याचं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "मीबी चुकले आसते. डोळं हैत, चुकत्यात. पर पुसलंस का?"

माझा हात खिशातल्या बँडकडं गेला.

"मी ह्या पोरीला आठवडाभर वाट्टंल ते बोलले. तू माझ्या घरात बसून च्या पीत हुतास."

मी म्हणालो, आक्का, मी आत्ता कोर्टात सगळ्यांसमोर कबूल केलं. त्यावर त्या म्हणाल्या, की कोर्टातली माणसं त्यांच्या ओळखीची नाहीत. रंजनाला ज्या त्रेसष्ट जणींनी नावं ठेवली त्या कांडपावरच्या आहेत. जिथं पुसलंस तिथंच लिही. मग त्यांनी पदराआडून रंजनाचा फोन काढला, पदरानंच पुसला आणि तिच्या हातात दिला. माफी वगैरे त्या काही म्हणाल्या नाहीत. फक्त येताना गाडीत रंजनाला खिडकीची जागा दिली, आणि आक्कांना स्वतःला गाडी लागते हे आख्ख्या बार्शीला माहीत आहे.

मी स्टँडवर उभा राहून लिहिलं. लिंक माझी होती, चूक माझी होती, पुसली मी, आणि रंजनावहिनी हे माहीत असून गप्प राहिल्या. लिहून झाल्यावर चार वेळा वाचलं. इतकं नीट मी आयुष्यात काही वाचलं नव्हतं. मग पाठवलं.

त्रेसष्ट बायांनी त्यावर काय काय लिहिलं ते सांगण्यासारखं नाही. शिंपिणीनं पुन्हा तेच दोन शब्द लिहिले, या वेळी योग्य ठिकाणी. रंजनानं फक्त तो मेसेज ग्रुपच्या माथ्यावर टाचून ठेवला.

पाठवलेला मेसेज पुसायला दोनेक दिवसांची मुदत मिळते, हे मला तोवर चांगलं माहीत झालं होतं. ते दोन दिवस मी फोन आक्कांच्या कांडपावर, भागीरथीबाईंच्या फोटोखालच्या फळीवर ठेवून कोर्टात जात होतो.